जवळचं किती जवळ

१२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार आधीच लिहून टाकते, नाहीतर मागच्यासारखं म्हणशील की हिला कामापुरता भाऊ आठवतो. वहिनीलाही नमस्कार. तिचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधते, की नव्यासारखा कपाटात जपून ठेवलाय?

आम्ही बरे आहोत. दुकान चाललंय. हल्ली घड्याळ दुरुस्तीला आणणारे कमी आणि ‘बाबांचं आहे हो, चालू होतं का बघा’ म्हणत डोळे पुसणारे जास्त. त्यामुळे ह्यांचा अर्धा दिवस घड्याळात जातो आणि अर्धा समजूत घालण्यात. ग्रंथालयात माझ्या टेबलावर बांधणीसाठी आलेल्या पुस्तकांचा ढीग वाढतोय. घरात दोन कप फुटले, चांगल्या सेटमधले. दुकानाच्या दाराची चौकट लागून ह्यांचा खांदा काळानिळा झालाय. किरकोळ आहे. बाकी काही विशेष नाही.

फोन न करता पत्र का, असं तुझ्या मनात येईलच. अरे, घर केवढं आहे ते तू पाहिलंयस. मी वर शिंकले तर खालून दुकानातून विचारणा होते, ‘औषध घेतलंस का?’ घड्याळ कानाला लावून त्याचं दुखणं सांगणारा माणूस, त्याच्यापासून फोन लपवणार कसा? म्हणून पत्र. आणि उत्तर घरी नको, ग्रंथालयाच्या पत्त्यावर पाठव. तसं काही विशेष नाही म्हटलं ना, मग नाही.

तर काम असं. बोटीवर रडार बसवायचं म्हणतोय. उन्हाळ्यात आखात ओलांडून तुमच्याकडे बोटीने यायचं हे इतकी वर्षं घोकतायत, ते ह्या खेपेला खरं करायचंच असं त्यांनी ठरवलंय. मधे मोठ्या जहाजांचा रस्ता लागतो, म्हणून रडार हवं. तू उभा जन्म बंदरात जहाजांची रडार लावलीस नि दुरुस्त केलीस, मग घरचा तज्ज्ञ असताना बाहेर कशाला विचारायचं?

ह्यांनी माहितीपत्रकं आणून ठेवलीत. जेवताना मीठ मागितलं तर पत्रक पुढे येतं. एक चोवीस मैल बघतं, एक छत्तीस, एक अठ्ठेचाळीस. ह्यांचा डोळा अर्थातच अठ्ठेचाळीसवर. एकाचा लांब दांडा उघड्यावर गरगर फिरतो, एक बंद गोल डब्यातलं. एवढ्याशा आपल्या बोटीला कुठलं शोभेल? डोलकाठीवर किती उंच लावायचं? वजनाने बोट जास्त कलेल का? पडदा उन्हात दिसतो का? जवळचं कोणतं चांगलं दाखवतं? माझा मुख्य प्रश्न हा शेवटचा धर. दूरच्याचं नंतर बघू.

हल्ली इकडे धुकं फार पडतं, म्हणून विचारते.

तुझी,
किटकिट

ता. क. वल्ह्याची छोटी लाकडी होडी आणि आत बसलेला एकच माणूस, एवढं रडारवर किती अंतरावरून दिसतं? सहज विचारलं.

५ मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र ग्रंथालयात आलं तेव्हा माझ्या हाताला खळ लागलेली होती. पाकीट तसंच फोडलं, त्यामुळे पहिलं पान दुसऱ्याला चिकटलं आणि तुझा उपदेश मला वाफेवर धरून सोडवावा लागला.

पण पटलं सगळं. मैल हे दुकानात विकायला असतात, समुद्रावर वापरायला नाही, हे तुझं वाक्य मी ह्यांना ‘कुठेतरी वाचलं’ म्हणून ऐकवलं. मोठ्या जहाजाला थांबायलाच मैल लागतात म्हणून ते दूरचं बघतं. आमच्या डोलकाठीच्या उंचीवरून अठ्ठेचाळीस मैल दिसणारच नाहीत, पाणीच आड येतं. उघडा दांडा बॅटरी पिऊन टाकेल आणि शिडांचे दोर त्यात अडकतील, म्हणून बंद डबाच. जुन्या पद्धतीच्या रडारला तापायला वेळ लागतो आणि अगदी नाकासमोरचं त्याला कळत नाही. नव्या पद्धतीचं बटण दाबल्याबरोबर तयार होतं, बोटीच्या अंगाजवळचंही दाखवतं आणि जे आपल्याकडे येतंय त्याला लाल रंग देतं. एवढं मी पाठ केलंय. परीक्षा घे हवी तर.

लाकडी होडीबद्दल मात्र तू लिहिलंस की लाकूड आणि माणूस रडारला फारसे दिसत नाहीत, कधी दिसतील, कधी लाटांच्या गडबडीत हरवतील. ते वाक्य मी ह्यांना ऐकवलं नाही.

शनिवारी आम्ही दोघं बोटींच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथला विक्रेता मला काकू म्हणत होता. स्वतःचे केस पांढरे, पण मी काकू! त्याने एकामागून एक पडदे लावून दाखवले, बंदराचं चित्र, बेटाचं चित्र, सगळीकडे कशी हिरवी-लाल रांगोळी. हे मैलांचं विचारत होते. मी मधेच म्हणाले, “जवळचं किती जवळ दिसतं?” तो हसला. “काकू, जवळचं तर डोळ्यांनाच दिसतं की!”

सगळ्यात मोठ्याने हे हसले. दादा, एवढं मोठ्याने ते कधी हसत नाहीत.

आता तुझा प्रश्न. ‘धुकं कुठलं? तुमच्याकडे ह्या दिवसांत धुकं नसतं. रडार फक्त सांगतं की काहीतरी आहे. काय आहे ते डोळ्यांनी बघावं लागतं. तुझं काय लपवणं चाललंय?’ लहानपणी माझ्या मुठीतली लिमलेटची गोळी ओळखायचास, तसंच अजून ओळखतोस. मेल्या, बरा आहेस.

माझ्या पहिल्या पत्राच्या आधीच्या रविवारी घडलं ते, तेव्हा धुकं नव्हतं. आभाळ भरलेलं होतं, पण हवा स्वच्छ होती, पलीकडच्या धक्क्यावरचे दिवेसुद्धा मोजता आले असते. आमच्या गल्लीतला जुना पोस्टमन निवृत्त झाल्यापासून रोज वल्ह्याच्या होडीतून फिरतो. आम्ही परत येत होतो. हे सुकाणूवर, मी पुढच्या टोकाला. आमची पद्धत तुला ठाऊक आहे. मी जे दिसेल ते, होडी असो की पाण्यावर तरंगणारा खुणेचा बोया, ओरडून सांगायचं आणि ह्यांनी तेच परत ओरडायचं. ‘उजवीकडे बोया!’ ‘बोया, दिसला!’ लग्नानंतर पहिल्यांदा बोटीत बसले तेव्हापासून हे चाललंय. तू एकदा आमच्याबरोबर आला होतास तेव्हा म्हणाला होतास, हे नवरा-बायको आहेत की बाजारातले दोन भाजीवाले!

मी ओरडले, “डावीकडे होडी!” हे म्हणाले, “होडी, दिसली!” आणि बोट वळलीच नाही. सरळ चालली. मी परत ओरडले. परत “दिसली!” शेवटी पोस्टमनच ओरडला, वल्हं उगारून. आमच्या बोटीची बाजू त्याच्या वल्ह्याला घासून गेली. लाकडावर लाकूड घासल्याचा तो आवाज अजून माझ्या कानातून जात नाही. त्याने आम्हाला जे शब्द ऐकवले ते पत्रात लिहिण्याजोगे नाहीत आणि त्यातला एकही चुकीचा नव्हता.

हे म्हणाले, “ऊन डोळ्यांवर आलं.” ऊन! भरल्या आभाळात!

घरी आल्यावर चहा केला. कप ह्यांच्या उजव्या हाताशी ठेवला आणि तो मला फुटायच्या आत उचलावा लागला.

माझ्या आता लक्षात यायला लागलंय, किंवा आधीच आलं होतं आणि मी येऊ देत नव्हते. हे केसासारखी स्प्रिंग चिमट्याने बसवतात, अजून हात हलत नाही. पण गल्ल्याच्या बाजूला उभं राहिलेलं गिऱ्हाईक खोकेपर्यंत ह्यांना कळत नाही. समोरचं सगळं दिसतं, बाजूचं नाही. नळीतून बघावं तसं. मी विचारलं तर म्हणतात, कामात लक्ष होतं.

आणि आता एक सांगते. वहिनीलाही सांगू नकोस. त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही परत गेलो. पाणी अगदी मोकळं होतं, डावीकडे पार किनाऱ्यापर्यंत काही म्हणजे काही नव्हतं. मी ओरडले, “डावीकडे होडी! जवळ!”

“होडी, दिसली!” हे म्हणाले. आणि अलगद बोट उजवीकडे घेतली, अगदी वाट सोडल्यासारखी.

दादा, तिथे होडी नव्हती.

तेव्हापासून मला झोप नाही. हा माणूस मला रोज खोटं सांगतोय आणि मी त्याला पकडायला खोटं बोलले. विचारायचं धाडस होत नाही. विचारलं आणि त्यांनी कबूल केलं तर बोट गेली. बोट गेली तर हे दुकानात बसून स्वतःच एक बंद घड्याळ होतील. नाही विचारलं तर उन्हाळ्यात आखातात मोठ्या जहाजांच्या मधे जाऊन आम्ही दोघं ‘दिसलं, दिसलं’ ओरडत बसणार. म्हणून रडार. मला वाटलं, यंत्र बघेल आणि कुणालाच काही बोलावं लागणार नाही.

मूर्ख म्हण, चालेल. पण कुठलं घ्यायचं ते सांग.

तुझी,
किटकिट

९ एप्रिल

प्रिय दादा,

तू मूर्ख म्हणाला नाहीस, पण जे लिहिलंस त्यापेक्षा ते बरं झालं असतं.

‘मेहुण्यांचा फोन आला होता. तू कामावर असताना, दुकानातून. रडारबद्दलच विचारत होते. मैलांचं थोडं विचारलं आणि मग म्हणाले, जवळचं कितपत दिसतं? लाकडी होडी दिसेल का? आणि म्हणाले, हिला सांगू नका. तुम्ही दोघं एकाच घरात राहता ना गं?’

हे मी पुस्तकं शिवायच्या टेबलाशी उभ्याने वाचलं आणि मग खाली बसले. शेजारची सहकारी पाणी घेऊन धावली. तिला वाटलं कुणी गेलं.

रविवारपर्यंत थांबले. घरात बोलता आलं नसतं, तिथे प्रत्येक भिंतीवर घड्याळ टिकटिकतं आणि गिऱ्हाइकाची घंटा वाजते. बोट सोडली, बंदराच्या बाहेर गेलो, वारा पडला होता. मी पुढचं टोक सोडून मागे ह्यांच्याजवळ येऊन बसले. हे बावरले. “पुढे कोण बघणार?” म्हणाले.

मी म्हणाले, “त्या दिवशी मी डावीकडे होडी सांगितली ना, ती नव्हती.”

इंजिन बंद केलं त्यांनी. मला वाटलं आता चिडतील, आणि खरं तर चिडायला हवेच होते. मग म्हणाले, “नव्हती?”

“नव्हती. मी मुद्दाम म्हटलं.”

“मला वाटलं होती.”

“पण तुम्ही ‘दिसली’ म्हणालात!”

“तू म्हणालीस आहे, म्हणजे असणारच. मी बाजूला बघत नाही गं आता. ऐकतो. तू सांगतेस तिकडे आहे असं धरून वळतो.” मग खाली पाण्याकडे बघत म्हणाले, “पोस्टमनच्या वेळी तुझा आवाज वाऱ्याने फाटला. कुठे ते कळलं नाही. परत विचारायची लाज वाटली. पण असं परत करू नकोस. माझ्याकडे तेवढं एकच राहिलंय.”

दादा, मी त्यांना पकडायला निघाले होते. मला वाटत होतं हा माणूस मला फसवतोय, आणि तो तर डोळे मिटून माझ्या शब्दावर बोट हाकत होता. मला इतकं रडू आलं की नाक पुसायला शिडाचं कापड घेतलं. हे म्हणाले, “त्याला डाग पडतो.” मग मी अजून रडले, आणि मग भांडले. भांडायला कारणं पुष्कळ होती. मागच्याच वर्षी हे एकटे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते! काचबिंदू. आतला दाब वाढून कडा गेल्यात, मधलं शाबूत आहे. गेलं ते परत येत नाही, राहिलंय ते थेंब घालून राखायचं. थेंबांची बाटली दुकानात घड्याळाच्या तेलाच्या बाटल्यांत ठेवली होती, माझा हात तिथे कधी जात नाही म्हणून. एक वर्ष! मी वर शिंकले तर ह्यांना कळतं, आणि हे खाली डोळ्यांत औषध घालतात ते मला कळू नये!

“सांगितलं असतं तर तू बोट विकायला लावली असतीस,” म्हणाले.

“लावलीच असती.”

“मग?”

आम्ही तसेच वाहत बसलो. परतताना सुकाणू त्यांनी स्वतःहून माझ्या हातात दिलं. आणि बाजूला सरकून बसले. इतक्या वर्षांत मी ते फक्त पुसायला धरलं होतं. धक्क्याला लावताना बाजूच्या बोटीचं रंगकाम खरवडलं, तिचा मालक अजून माझ्याशी बोलत नाही.

आता रडार. घेतलं. तू सांगितलंस तेच, लहान बंद डबा, लगेच सुरू होणारं, जवळचं दाखवणारं, येणाऱ्याला लाल करणारं. विक्रेत्याला ह्यांनीच सांगितलं, “जवळचं दाखवा. मला बाजूचं दिसत नाही.” तो बिचारा एवढा ओशाळला की मला काकू म्हणायचा थांबला. डोलकाठीवर बसवायला आलेला माणूस पडदा सुकाणूसमोर लावायला निघाला होता. हे म्हणाले, तिथे नको, आत टेबलाशी लावा, मी बसतो तिथे. तिथे उन्हाची तिरीप येत नाही. पडदा केवढासा, ह्यांच्या नळीत तो पुरा मावतो. त्यातला मोहरीएवढा ठिपकाही सुटत नाही. मला मात्र त्या रंगांत अजून काही कळत नाही. डोळ्यांना भिंग लावून घड्याळात बघतात तसे त्याच्यासमोर बसतात, मान थोडी तिरकी करून. त्यांना तसं बसलेलं बघितलं आणि कितीतरी दिवसांनी मला जरा बरं वाटलं.

पोस्टमनकडेही गेले. तू सांगितलेला तो पत्र्याचा रडारला उजळ दिसणारा कंदीलवजा गोळा त्याच्या होडीला काठी लावून टांगायला दिला, आणि झालं ते कशामुळे झालं ते सांगितलं. आधी घुश्शात होता. मग म्हणाला, “मला वाटलं, मागची पत्रं उशिरा दिली त्याचा सूड घेताय.” टांगला त्याने. गल्लीत त्याची चेष्टा चाललीय.

काल पहिल्यांदा तसे गेलो. मी सुकाणूवर, हे आत. आता हे ओरडणार आणि मी परत म्हणणार. पाण्यावर ऊन असं चमकत होतं की पुढचं सगळं पांढरं. आतून आवाज आला, “उजवीकडे, पुढे! लहान आहे. लाल. येतंय!”

मी बघितलं. काही नाही. नुसता चकचकाट. आणि दादा, इतक्या वर्षांची सवय, ‘दिसली’ हा शब्द माझ्या जिभेवर आलाच. म्हणून मोकळी झाले असते. ह्यांना काय कळणार होतं? ओठ उघडले होते मी. मग ‘दिसली’ म्हणताना त्यांना कसं वाटत असेल ते मला कळलं.

मी ओरडले, “नाही दिसली!”

“वेग कमी कर,” हे म्हणाले, अगदी शांतपणे. “अजून उजवीकडेच आहे. अजून जवळ आलंय.”

इंजिन मंद केलं. आणि त्या पांढऱ्या उन्हातून आधी तो पत्र्याचा गोळा बाहेर आला, मग त्याच्याखाली आपला पोस्टमन, वल्हवताना बसतात तसा आमच्याकडे पाठ करून येत. आम्ही त्याला लांबून वळसा घातला. तो वळून बघून वल्हं उगारायला गेला आणि मग त्याने ते हलवलं.

तेव्हा मी म्हणाले, “होडी, दिसली.” आतून विचारलं, “काय म्हणालीस?” मी परत म्हणाले. मोठ्याने.

तर ह्या उन्हाळ्यात बोटीने येत नाही. मी तेवढी तयार नाही, आणि हे आता कबूल करायला मला काही वाटत नाही. बसने येऊ, वहिनीला सांग. आखाताचं पुढच्या वर्षी बघू. तोवर डॉक्टर काय म्हणतात ते कळेल. भीती गेलीय असं समजू नकोस. रोज सकाळी थेंब घालताना ह्यांचं डोकं मागे धरते आणि मनात येतं, नळी अजून किती बारीक होणार. पण आता निदान आम्ही दोघं एकत्र घाबरतो.

उत्तर ग्रंथालयाच्या पत्त्यावर नको पाठवूस आता. घरीच पाठव. अक्षर जरा मोठं काढ, तुझ्या मुंग्यांसारखं नको. मी चहा करत असेन तेव्हा हे मोठ्याने वाचून दाखवतील. समोरचं अजून छान दिसतं त्यांना.

दोघांची,
किटकिट